वाचता येते, पण उमगत नाही: पहिली ते तिसरीच्या मुलांची शब्दसंपत्ती आणि आकलन

घोडबंदर_पालक (धागा सुरू करणाऱ्या)

नमस्कार. आमची मुलगी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. जोडाक्षरांसकट कोणताही परिच्छेद ती न अडखळता वाचते, कविता तिला तोंडपाठ आहेत, आणि तरीही धड्याखालच्या ज्या प्रश्नांचे उत्तर धड्यात जसेच्या तसे सापडत नाही, त्या प्रश्नांपाशी ती गप्प होते. 'कोण आले?' याचे उत्तर ती लगेच देते. 'तो का रागावला असेल?' असे विचारले की धड्यातले एखादे वाक्य पुन्हा वाचून दाखवते आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहते.

वर्गशिक्षिकांच्या मते तिचे वाचन उत्तम असून आकलन कच्चे आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रोज दहा नवे शब्द अर्थांसह लिहून पाठ करायला सांगितले आहेत आणि आम्ही ते नेमाने करतो. मात्र परवा 'कुरण म्हणजे काय?' असे विचारल्यावर तिने 'गवताळ जागा' हे उत्तर क्षणात दिले, आणि 'आपल्या सोसायटीच्या बागेतली हिरवळ म्हणजे कुरण का गं?' या प्रश्नावर ती पूर्ण गोंधळली. शब्द पाठ आहे, पण त्यामागे काहीच उभे नाही, असे मला वाटले.

ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे का, शब्दांच्या याद्यांनी आकलन खरोखर सुधारते का, आणि नोकरी सांभाळून घरी जे जमू शकेल असे काय करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

वाणी_आणि_भाषा

ताई, मी ठाण्यातच लहान मुलांच्या वाचा आणि भाषाविकासाच्या क्षेत्रात काम करते. आपण वर्णन केलेली मुले माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुधा उशिरा येतात, कारण त्यांचे सफाईदार वाचन ऐकून काही अडचण असेल अशी शंकाच कोणाला येत नाही. देवनागरीत अक्षरे आणि मात्रा एकदा बसल्या की उच्चार जवळजवळ हमखास बरोबर येतो, त्यामुळे अर्थाचा पत्ता नसतानाही खणखणीत आवाजात वाचणे आपल्या मुलांना शक्य होते.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचून होणारे आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता, असे ते सूत्र आहे. त्यात बेरीज नसून गुणाकार आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोहोंपैकी एक बाजू अगदी दुबळी असेल, तर दुसरी कितीही भक्कम असून हाती फारसे काही लागत नाही.

म्हणून याद्या वगैरे बाजूला ठेवून आधी एक पडताळा घ्या. तिने पूर्वी न वाचलेला एक परिच्छेद तिच्याकडून वाचून घ्या आणि चार प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा परिच्छेद तुम्ही तिला वाचून दाखवा आणि तशाच प्रकारचे प्रश्न विचारा. ऐकून समजत असेल आणि स्वतः वाचून समजत नसेल, तर तिची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्च होत आहे आणि तिला सोप्या मजकुराचा भरपूर सराव हवा, असे समजावे. ऐकूनही समजत नसेल, तर प्रश्न लिपीचा नाही. तो शब्दांचा, वाक्यरचनेचा आणि विषयाच्या ओळखीचा आहे, आणि तिथे अधिक वाचून घेतल्याने फरक पडणार नाही.

ब्रिटनमध्ये जेन ओकहिल आणि केट केन यांनी अशाच मुलांचा, म्हणजे सफाईने वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांचा, दीर्घकाळ अभ्यास केला आहे. लेखकाने न सांगितलेली गोष्ट दोन वाक्ये जोडून ओळखणे या मुलांना विशेष जड जाते, असे त्यांना दिसले. आपल्या मुलीचे 'का रागावला असेल?' या प्रश्नापाशी थांबणे याच प्रकारात मोडते. ते शिकवता येते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र मूल वारंवार सर्दीने बेजार असेल, कान दुखत किंवा वाहत असतील, हाक मारल्यावर दोनदा सांगावे लागत असेल, तर श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. वर्गात अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती खुंटते आणि दोष त्याच्या बुद्धीला लागतो.

सानपाडा_बाबा

वरील विवेचन पटले, तरी याद्यांना इतक्या लवकर मोडीत काढू नये असे मला वाटते. आमच्या पिढीने समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, म्हणी हे सारे पाठच केले, आणि पुढे त्यातले पुष्कळ उपयोगी पडले. माझा मुलगा तिसरीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषेचे प्रश्न मोठ्या प्रमाणावर शब्दांवरच बेतलेले असतात. मूल आधी शब्द जाणेल, मग अर्थ लावेल, हा क्रम मला स्वाभाविक वाटतो. शिवाय संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचणाऱ्या पालकाला वही हाताशी असली की निदान काय करायचे ते ठाऊक असते, हाही मुद्दा विचारात घ्यावा.

ऐरोलीच्या_वर्गातून

मी नवी मुंबईतील एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. सानपाड्याच्या बाबांची अडचण मी रोज पालकांच्या तोंडून ऐकते, त्यामुळे वर्गातले एक उदाहरण जरा विस्ताराने सांगते. मी मुलांसाठी एक छोटा उतारा लिहिला होता:

'ओहोटी लागली तशी खाडी मागे सरली. चिखलात खेकड्यांची बिळे उघडी पडली. आजी टोपली घेऊन तिवरांच्या कडेने आत उतरली. "फार लांब जाऊ नकोस, पाणी कोणासाठी थांबत नाही," असे आजोबा काठावरून ओरडले.'

आजोबांना कशाची काळजी वाटत होती, असा प्रश्न विचारला. सेक्टरमधल्या इमारतींत राहणाऱ्या, छान वाचणाऱ्या एका मुलाने उत्तर दिले की नळाचे पाणी जाईल आणि आजीला भरायला मिळणार नाही, म्हणून आजोबा ओरडले. उत्तर चुकीचे होते, तरी त्यामागचा विचार अगदी नीट होता: पाणी थांबत नाही, ते ठरावीक वेळी येते आणि जाते, हे त्याने घरी पाहिलेले होते आणि जे माहीत होते त्याच्या आधाराने त्याने अर्थ लावला. त्याच वर्गात दिवा गावातली एक मुलगी आहे. ती वाचताना अजून जोडाक्षरांना अडखळते, पण तिने हात वर करून सांगितले, 'भरती आली तर आजी चिखलात अडकेल.' तिच्या घरी मासेमारी होते. उताऱ्यात 'भरती' हा शब्द कुठेही नाही. तो तिने स्वतःजवळचा आणून बसवला.

अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली केलेला प्रयोग हेच दाखवतो. बेसबॉलच्या सामन्याविषयीचा उतारा मुलांना वाचायला दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन हे काही एक सुटे कौशल्य नाही, जे एका उताऱ्यावर घोटले की सगळ्या उताऱ्यांना लागू पडावे. ज्या विषयाची ओळख आहे त्या विषयाचे वाचन समजते, आणि शब्द हे त्या ओळखीसोबतच येतात.

म्हणून मी यादीऐवजी विषय घेते आणि तो दोन-तीन आठवडे सोडत नाही. खाडीचा विषय आमच्या दाराशीच आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे पक्षी चिखलात मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळताना दिसतात. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळ आणि इतर सूक्ष्म जीवांतून येतो, हे सांगितल्यावर वर्गात प्रश्नांचा पाऊस पडतो. त्या ओघात भरती, ओहोटी, खारफुटी, थवा, स्थलांतर, निमुळते, गाळणे, उथळ, तग धरणे हे शब्द पुन:पुन्हा येतात. कधी माझ्या बोलण्यात, कधी चित्राखाली, कधी मुलांच्या भांडणात. 'उथळ' हा शब्द पाठ करून घ्यावा लागत नाही, कारण उंच पायांचे पक्षी खोल पाण्यात का उतरत नाहीत हे सांगताना मुलांना तो लागतोच.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहिते. आगरी आणि कोळी घरांतल्या मुलांजवळ मासे, जाळी, मीठ, खाजण, वारा, होडी यांविषयीच्या शब्दांचे मोठे भांडार असते, आणि पाठ्यपुस्तकातल्या भाषेशी ते जुळत नाही म्हणून अनेकदा शाळेत ते तोंडाबाहेरच पडत नाही. मुलाने घरातला शब्द वापरला की मी तो फळ्यावर लिहिते आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहिते. दोन्ही राहू देते. ज्या मुलाला आपला शब्द पुसला जाणार नाही याची खात्री असते, तेच मूल नवा शब्द वापरून पाहण्याचे धाडस करते.

घोडबंदर_पालक

वाणी_आणि_भाषा यांनी सुचवलेला पडताळा घेतला. मी वाचून दाखवलेल्या उताऱ्यातही ती तिथेच अडली, म्हणजे प्रश्न लिपीचा नाही हे आता स्पष्ट झाले. खाडीचा उतारा तिला वाचून दाखवला तेव्हा तिनेही नळाच्याच पाण्याचे उत्तर दिले. विषय धरून शिकवण्याची कल्पना मनापासून पटली. परंतु गोष्टीच्या पुस्तकात एका पानावर पाच-सहा अनोळखी शब्द असतात. त्यातले कोणते समजावून सांगायचे आणि कोणते सोडायचे?

वाणी_आणि_भाषा

याचे उत्तर अमेरिकेतल्या संशोधक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीत चांगले सापडते. त्यांनी शब्दांचे तीन थर केले आहेत. पाणी, चेंडू, पळणे यांसारखे शब्द मूल बोलताबोलता शिकतेच. बाष्पीभवनासारखे शब्द त्या त्या विषयाचे असतात आणि तो विषय येईल तेव्हाच शिकवावेत. या दोहोंच्या मध्ये जे शब्द असतात, त्यांच्यावर वेळ खर्च करावा, कारण ते कोणत्याही गोष्टीत भेटतात आणि रोजच्या बोलण्यात मात्र फारसे येत नाहीत. मराठीतली माझी उदाहरणे अशी: संकोच, हुरूप, निमूटपणे, चाचपणे, हिरमुसणे, अंदाज, नाइलाज, कौतुक, खटाटोप, सावरणे. यातले बरेचसे शब्द मनाची अवस्था किंवा वागण्याची रीत सांगतात, आणि 'तो का रागावला असेल?' या प्रश्नाचे उत्तर नेमके याच शब्दांत दडलेले असते.

एका गोष्टीतून दोन किंवा तीनच शब्द निवडा. बाकीच्यांचा अर्थ वाचता वाचता एका वाक्यात सांगून पुढे जा. निवडलेला शब्द शब्दकोशातल्या अर्थाने सांगू नका. 'संकोच म्हणजे भीड' असे सांगितले तर एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द येतो. त्याऐवजी असे सांगा: पाहुण्यांकडे गेल्यावर आणखी एक लाडू हवा असतो, पण मागायला जीभ रेटत नाही, तेव्हा आपल्याला संकोच वाटतो. मग तिला तिचा प्रसंग विचारा. त्यानंतर उलट बाजूचा प्रश्न विचारा, म्हणजे 'मैत्रिणींसोबत लपंडाव खेळताना तुला संकोच वाटतो का?' शब्द कुठे लागू पडत नाही हे कळले की तो खऱ्या अर्थाने आपला होतो. आपल्या मुलीच्या बाबतीत कुरण आणि सोसायटीची हिरवळ यांचा गोंधळ याच टप्प्यावर झाला आहे. पुढच्या काही दिवसांत तुम्ही स्वतः तो शब्द बोलण्यात आणा. संदर्भाने शब्द शिकण्याविषयीच्या संशोधनांचा स्वानबॉर्न आणि द ग्लॉपर यांनी १९९९ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्केच शब्द मुलांच्या ध्यानात राहतात असे दिसले. तेव्हा एकदा सांगून शब्द बसला नाही, तर मुलीवर रागावू नका; तो वेगवेगळ्या ठिकाणी अनेकदा भेटावा लागतो.

नौपाड्याचे_आजोबा

मी निवृत्त मराठी शिक्षक आहे आणि सध्या नातीला रोज वाचून दाखवतो. वरच्या चर्चेत कुरणाचा उल्लेख वाचला आणि राहवले नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, ते त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. मुलांच्या भोवतीचे पान, फूल, दगड, शिंपले हेच त्यांचे शिक्षणसाहित्य होते. वस्तू आधी हाताशी आणि मग तिचे नाव, ही रीत आपल्याच जिल्ह्यात इतक्या वर्षांपूर्वी रुजली होती, याचे मला फार मोल वाटते. घोडबंदरला राहणाऱ्या मुलीला येऊरच्या बाजूला नेऊन गवत, माळ, रान आणि झाडी यांतला फरक दाखवता येईल. तो फरक पाहिल्यावर तिला हिरवळीचा प्रश्न पुन्हा विचारून बघा.

भाषाशिक्षक म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण शब्दसंपत्ती म्हटले की सर्वांची नजर नामांवर आणि विशेषणांवरच जाते. पहिली गोष्ट सामान्यरूपाची आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना त्याचा चेहरा बदलतो. पाणी असते, त्याचे पाण्याने होते. विहीर असते, तिचे विहिरीतून होते. मासा आणि माशी हे दोन निराळे जीव 'माशांनी' आणि 'माश्यांनी' या रूपांत इतके जवळ येतात की लहान वाचकाला फरक दिसतच नाही. मुलाला मूळ शब्द ठाऊक असतो, पण वाक्यातले रूप तो शब्द म्हणून ओळखू येत नाही, आणि आपण समजतो की त्याला अर्थ माहीत नाही. म्हणून नवा शब्द सांगताना तो दोन-तीन रूपांत वापरून दाखवावा: कुरण, कुरणात, कुरणाकडे, कुरणातली गुरे.

दुसरी गोष्ट वाक्ये जोडणाऱ्या शब्दांची. बोलताना आपले 'पण' आणि 'मग' यांवर भागते. पुस्तकात मात्र, तरीही, म्हणूनच, जोपर्यंत, ऐवजी, खेरीज, जणू, अन्यथा असे शब्द येतात, आणि साऱ्या वाक्याचा अर्थ त्यांच्यावर फिरतो. 'पाऊस पडत होता, तरीही तो छत्री न घेता निघाला' या वाक्यातला प्रत्येक शब्द मुलाला येतो, पण 'तरीही' म्हणताना लेखकाला नवल वाटते आहे, हे त्याला कळत नाही. मी नातीला अशी वाक्ये अर्धी सांगतो. 'भूक लागली होती, तरीही...' म्हणून थांबतो आणि पुढचे ती पूर्ण करते; मग तेच 'भूक लागली होती, म्हणूनच...' असे बदलतो. जेवताना, रिक्षात, तलावपाळीवर फेरी मारताना हा खेळ कुठेही चालतो.

वाचून दाखवणे मात्र सर्वांत महत्त्वाचे. मूल स्वतः वाचू लागले की पालक ते बंद करतात, आणि नेमके तेव्हाच ते चालू राहायला हवे असते. दुसरीतले मूल स्वतः जे वाचू शकते त्याची भाषा सोपी असते. ऐकून मात्र ते पुष्कळ पुढचे समजू शकते. हेस आणि अ‍ॅरन्स यांनी १९८८ साली इंग्रजीतले शब्द मोजले, तेव्हा सुशिक्षित प्रौढांच्या आपसांतल्या बोलण्यात दर हजार शब्दांमागे साधारण १७ विरळ शब्द आढळले, तर मुलांच्या पुस्तकांत साधारण ३१. घरात बोलणे कितीही चांगले असले तरी पुस्तक त्यापलीकडचे शब्द देते. पुस्तके विकतच घ्यावी लागतात असेही नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी पातळीनुसार लावलेल्या मिळतात.

नेरूळची_आई

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात पहिलीत आहे. त्याच्या शाळेने पालकसभेत सांगितले की इंग्रजी शब्द वाढवण्यासाठी घरी इंग्रजीच बोला. माझे इंग्रजी कामापुरते आहे. आम्ही तसे बोलायला लागल्यापासून आमचे बोलणे 'ईट फास्ट, शूज घाल, होमवर्क झाला का' एवढ्यावर आले आहे, आणि पूर्वी तो आजीशी ज्या लांबलचक गप्पा मारायचा त्या थांबल्या आहेत. आम्ही मराठीकडे परतलो तर तो शाळेत मागे पडेल का?

वाणी_आणि_भाषा

ताई, आजीच्या गप्पा आजच सुरू करा. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार असा आहे की दोन भाषांच्या मुळाशी विचार करण्याची, गोष्ट सांगण्याची, कारण देण्याची एक सामाईक क्षमता असते, आणि ती एका भाषेत घडली की दुसऱ्या भाषेत वापरता येते. भरती-ओहोटी काय असते हे मराठीत पक्के कळलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त नवे नाव शिकायचे उरते. ज्याला ती कल्पनाच कोणत्याही भाषेत मिळालेली नाही, त्याला नाव आणि कल्पना दोन्ही एकदम पेलाव्या लागतात. आईवडिलांनी ज्या भाषेत त्यांना कारणे देता येतात, आठवणी सांगता येतात, थट्टा करता येते, समजूत घालता येते, त्या भाषेतच मुलाशी बोलावे. इंग्रजीसाठी इंग्रजी पुस्तके वाचून दाखवा आणि त्यावरच्या गप्पा बिनदिक्कत मराठीत मारा.

सानपाडा_बाबा

पुष्कळ गोष्टी नव्याने कळल्या, सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या आहेत. शाळेत घड्याळ लावून वाचन घेतात आणि मिनिटाला किती शब्द ते प्रगतिपुस्तकात लिहितात. त्याला किती महत्त्व द्यावे? आणि वाचून दाखवताना मी मध्ये प्रश्न विचारले की मुलगा वैतागतो आणि 'बाबा, नुसतं वाचा ना' म्हणतो. तेव्हा काय करावे?

ऐरोलीच्या_वर्गातून

वेगाविषयी आधी. लहान वयातील वाचन आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तर तिसरीसाठी किमान ६० शब्द असे लक्ष्य आहे. त्या लक्ष्यात अर्थ समजून वाचणे अभिप्रेत आहे, आणि घड्याळ लावताना नेमका तोच भाग गळून पडतो. वेग अगदी कमी असेल तर वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरली जाते, म्हणून ठरावीक वेगापर्यंत पोहोचणे आवश्यक आहेच. मूल तिथे पोहोचल्यावर मात्र आकडा वाढवण्यात काही अर्थ नाही. शिवाय 'घरासमोरच्या' या एका मराठी शब्दात इंग्रजीतले चार-पाच शब्द सामावतात, त्यामुळे इंग्रजी वाचनाचे आकडे मराठीला लावून मुलाला हिणवू नये. आपला तिसरीतला मुलगा सहज वाचत असेल, तर त्या रकान्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

आता प्रश्नांविषयी. मुलगा वैतागतो, कारण त्याला त्यात परीक्षेचा वास येतो. पहिल्या वाचनात काहीही विचारू नका. गोष्ट रंगू द्या. तीच गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचताना दोन ठिकाणीच थांबा, आणि विचारण्याऐवजी स्वतःचे मोठ्याने बोला: 'आता हा दार न वाजवताच परत का फिरला, ते मला नीट कळले नाही. आत कोणीतरी भांडत होते, ते त्याने ऐकले असावे.' मुलगा बहुधा तुमची चूक काढेल, आणि ती काढताना पुस्तकातला पुरावा देईल. 'नाही, कारण मागच्या पानावर...' असे त्याने सुरू केले की त्याला पूर्ण बोलू द्या. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली संवादी वाचनाचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातही मुलाला सांगणारा आणि मोठ्याला ऐकणारा करण्यावरच भर होता, आणि त्या घरांतल्या मुलांच्या बोलण्यात अवघ्या महिनाभरात फरक दिसला होता. मुलाने 'तो घाबरला' एवढेच म्हटले, तर 'हो, आतला आवाज ऐकून तो घाबरला आणि निमूटपणे मागे फिरला' असे त्याचेच वाक्य वाढवून परत द्या.

घोडबंदर_पालक

रोजच्या दहा शब्दांच्या वहीचे काय करावे, हा प्रश्न माझ्यापुढे अजून आहे, कारण शाळेत ती तपासली जाते.

ऐरोलीच्या_वर्गातून

वही बंद करू नका, तिची मांडणी बदला. वर्गशिक्षिकांना भेटून असे विचारा की दहा सुट्या शब्दांऐवजी एका विषयाचे किंवा एका गोष्टीतले तीन-चार शब्द रोज लिहिले तर चालेल का. आठवड्याचे शब्द मिळून वीसच्या आसपास होतील आणि बहुतेक शिक्षिका याला तयार होतात. अर्थाच्या रकान्यात शब्दकोशातला अर्थ लिहू नये. तिथे मुलीने स्वतः तयार केलेले वाक्य असावे आणि त्यात शब्दाचे एखादे बदललेले रूप यावे. पानाच्या तळाशी तिला एकच प्रश्न लिहायला सांगा, तोही 'का' किंवा 'असेल' या शब्दाचा, आणि त्याचे उत्तर घरातल्या मोठ्या माणसाने द्यायचे. प्रश्न करता येऊ लागला की उत्तरही देता येते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

फरक पडतो आहे का ते पाहण्यासाठी महिन्यातून एकदा नवी गोष्ट वाचून दाखवा आणि ती गोष्ट तेव्हा घरात नसलेल्या माणसाला, म्हणजे बाबांना किंवा आजीला, सांगायला लावा. आरंभी मुले 'मग तो गेला, मग तो आला' अशी घटनांची माळ लावतात. पुढे 'त्याला वाटले', 'म्हणून', 'तरीही' असे शब्द येऊ लागतात आणि गोष्टीतल्या माणसांच्या मनातले मुलांच्या तोंडी येते. तो बदल दिसू लागला की शाळेच्या उताऱ्यांवरची उत्तरेही थोड्याच काळात सुधारतात. बदल दोन-तीन महिन्यांतही दिसला नाही, किंवा गोष्टीचा क्रमच लागत नसेल, तर वाणी_आणि_भाषा यांच्यासारख्या तज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्या.